तळाची ओळ

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. संध्याकाळचे पावणेपाच. विसर्जन होऊन दोन दिवस झालेत, तरी पुण्यात शनिपाराजवळच्या आमच्या गल्लीत मांडवाचे बांबू अजून टेम्पोत चढतायत. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत टेबलावर दोन पडदे शेजारी शेजारी ठेवलेत. माझ्या लॅपटॉपवर आकडा आहे ७१,५००. समोर बसलेल्या काकांच्या मोबाईलवर ८५,८००.

पगार तोच, वर्षाचा बारा लाख. आर्थिक वर्ष तेच, २०२४-२५. दोन्हीकडे नवीन करप्रणाली. ॲपही एकच, आमचंच.

काका भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतात. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या सीए मॅडमनी त्यांना मोबाईलसकट आमच्याकडे धाडलंय. प्लास्टिकच्या फोल्डरमधून ते फॉर्म १६ काढतात आणि बोट ठेवून दाखवतात: कंपनीनं कापलेला कर ७१,५००.

"म्हणजे कंपनीनं कमी कापला का हो? वरचे चौदा हजार तीनशे मी भरायचे?"

विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबर, म्हणजे सात दिवस हातात. बँकेचं ॲप त्यांनी उघडूनच ठेवलंय.

"काका, आत्ता काहीही भरू नका," मी म्हणतो.

आमचं ॲप छोटं आहे. पगार, घरभाडं, गुंतवणूक टाकली की जुनी आणि नवी करप्रणाली शेजारी मांडून दाखवतं. उद्या टप्पे बदलले तर आपल्या घरावर काय परिणाम होईल, हेही पाहता येतं. ॲप लिहिते ती माझी धाकटी सहकारी. तपासणं आणि मराठीतून समजावणं हे माझं काम.

तक्रार आली की आमची पहिली पायरी ठरलेली: पानाच्या तळाची ओळ वाचायची. मी दोन्हीकडे वाचतो. 'आवृत्ती २.१४.३'. मोबाईलवरही तीच. सहकारी मान वाकडी करून खात्री करते. क्रमांक वेगळा असता तर पाच मिनिटांत सुटलं असतं. ॲप अपडेट करा म्हटलं असतं.

मग मी कोरा कागद घेतो. बारा लाखांतून प्रमाणित वजावट ७५,००० गेली, उरले ११,२५,०००. तीन लाखांपर्यंत काही नाही. तीन ते सात लाख, ५ टक्क्यांनी २०,०००. सात ते दहा, १० टक्क्यांनी ३०,०००. वरच्या सव्वा लाखावर १५ टक्क्यांनी १८,७५०. बेरीज ६८,७५०, त्यावर ४ टक्के उपकर २,७५०. एकूण ७१,५००. लॅपटॉप बरोबर आहे.

स्पीकरवर असलेल्या सीए मॅडम म्हणतात, "अहो, आता त्याच्या आधीचे टप्पे लावून बघा. वजावट पन्नास हजार धरा."

उरतात ११,५०,०००. तीन ते सहा लाख, १५,०००. सहा ते नऊ, ३०,०००. वरच्या अडीच लाखांवर ३७,५००. झाले ८२,५००, उपकर ३,३००. एकूण ८५,८००.

रुपयाचाही फरक नाही. मोबाईल चुकत नाहीये. हिशेब तो बिनचूक करतोय, पण रद्द झालेल्या नियमानं.

फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पानं टप्पे तसेच ठेवले होते. २३ जुलै २०२४ ला पूर्ण अर्थसंकल्प आला आणि नव्या प्रणालीतले टप्पे आणि वजावट बदलली, तीही एप्रिलपासून लागू धरून. म्हणजे '२०२४-२५' या एकाच नावाखाली आधी एक नियम होता, मग दुसरा आला. नुसतं वर्ष लिहून भागत नाही, ते असं.

"काका, हे ॲप तुम्ही पहिल्यांदा कधी उघडलं होतं?" सहकारी विचारते.

"गेल्या वर्षी जूनमध्ये. कंपनीनं विचारलं होतं, जुनी प्रणाली हवी की नवी."

ती काही न बोलता ड्रॉवरमधून केबल काढते आणि मोबाईल लॅपटॉपला जोडते. आता काकांच्या फोनमधलं पान आतून दिसायला लागतं. पानानं कोणकोणत्या फायली मागितल्या, कुठून मिळाल्या, याची यादी वर सरकत जाते. बहुतेक ओळी सर्व्हरकडून आलेल्या. नियमांच्या फायलीसमोर मात्र लिहिलंय 'सर्व्हिस वर्कर'. म्हणजे ती आमच्याकडून आलीच नाही, फोननं स्वतःच्या कॅशेतून काढून दिली. ती फाइल उघडते. तिसऱ्याच ओळीत प्रमाणित वजावट: ५००००.

खोलीत कुणी बोलत नाही. खालून दोरखंड ओढल्याचा आवाज येतोय.

इंटरनेट नसतानाही ॲप चालावं म्हणून आम्हीच फोनला सांगून ठेवलं होतं, नियमांची फाइल एकदा घेतलीस की जपून ठेव आणि पुढच्या वेळी तीच वापर. जुलै २०२४ मध्ये फायलीतले आकडे बदलले, नाव तेच ठेवलं. फोनच्या दृष्टीनं तीच फाइल. ॲप मात्र वेळच्या वेळी नवं होत गेलं आणि तळाशी २.१४.३ दाखवत राहिलं. आमच्या मशीनवर दिवसातून दहादा कॅशे साफ होते, त्यामुळे आम्हाला हे कधी दिसलंच नाही. त्या बदलाची तपासणी करून पुढे पाठवणारा मीच होतो. समोर बसलेल्या माणसाचा बँकेच्या बटणाकडे गेलेला अंगठा मी आज पाहिलाय, आणि ते मला फार लागतं.

दुरुस्ती मोठी नाही. फायलीच्या नावातच तिच्या मजकुरावरून काढलेली खूण घालायची. आकडा बदलला की नाव बदलेल, फोनला नवी फाइल मागावीच लागेल. दुसरं काम तळाच्या ओळीचं. तिथं आता ॲपची आवृत्ती वेगळी आणि नियमांची वेगळी, अशी दोन्ही दिसायला हवी. फ्रान्समधल्या ओपनफिस्का या कर मोजणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दर तारखेसकट नोंदवतात. कोणत्या दिवसापासून कोणता आकडा, हे फायलीतच वाचता येतं. आम्ही हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

सहकारी आणखी एक सुधारणा करते. आवृत्तीचा क्रमांक आजवर आम्ही हातानं लिहायचो, आता तो कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या टॅगवरून आपोआप यावा. सहा वाजता बिल्ड होतं. आम्ही तिघंही पडद्यावर वाकतो. तळाशी उमटतं: 'आवृत्ती अनडिफाइन्ड'.

ती बिल्डचा लॉग वाचते. एकही नाव सापडलं नाही, म्हणून वर्णन करता येत नाही, असं गिटचं म्हणणं. बिल्ड करणारं मशीन वेळ वाचवायला फक्त शेवटची कमिट उतरवतं. जुना इतिहास नाही आणि टॅगही नाहीत, मग क्रमांक येणार कुठून? ती एका ओळीत पूर्ण इतिहास उतरवायला सांगते आणि पुन्हा बिल्ड लावते. तेवढ्यात खालच्या अमृततुल्यमधून चहा येतो. काका बशीत ओतून पितात.

चहा होईतो सीए मॅडम फोनवर वाद घालतात. तळाशी कमिटच्या ओळखक्रमांकाची सात अक्षरं आली की पुरे, असं सहकारीचं मत.

"ती सात अक्षरं तुझ्यासाठी, बाळा. मला कायद्याचं नाव आणि तारीख पाहिजे. सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतो ना? त्यावरून नोंद कधी नि कशानं बदलली ते निघतं. तसं पाहिजे."

मॅडमचं बरोबर आहे. पुणेकराला तर हे वेगळं सांगायला नको. घरात स्वतः राहणाऱ्यांची मिळकतकरातली ४० टक्के सवलत गेली, २०२३ मध्ये परत आली, आणि पीटी-३ अर्जासाठी लोकांनी रांगा लावल्या. कोणतं बिल कोणत्या नियमाचं, हा प्रश्न इथल्या घराघरात होता.

मॅडम आयकर कायद्याच्या कलम ८७अ खालच्या करसवलतीची आठवण काढतात. ५ जुलै २०२४ ला आयकर विवरणपत्राच्या सरकारी युटिलिटीत बदल झाला. नव्या प्रणालीत शेअरच्या अल्पकालीन नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर ती सवलत मागता येईना. कायदा तोच, वर्ष तेच. विवरणपत्र ५ तारखेआधी भरलं की नंतर, यावर आकडा ठरायला लागला. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही मुंबईची संस्था उच्च न्यायालयात गेली. डिसेंबरमध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश दिला आणि मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. २४ जानेवारीच्या निकालानं सांगितलं की दावा करण्याची वाटच सॉफ्टवेअरनं अडवू नये; सवलत बसते की नाही ते अधिकाऱ्यानं ठरवावं. मॅडमनी त्या महिन्यांत प्रत्येक अशिलाच्या फाइलवर युटिलिटीची आवृत्ती पेन्सिलीनं लिहून ठेवली होती.

साडेसहा. बिल्ड पूर्ण होतं. सहकारी काकांनाच सांगते, "काका, तुम्ही उघडा."

ते ॲप उघडतात, बारा लाख टाकतात. ७१,५००. मग तळाशी बोटानं सरकवतात आणि डोळे बारीक करून मोठ्यानं वाचतात: "ॲप २.१४.४. नियमसंच: वित्त (क्र. २) अधिनियम, २०२४. आर्थिक वर्ष २०२४-२५." शेवटची सात अक्षरं ते सोडून देतात. अक्षर फार बारीक आहे, असं म्हणतात. सहकारी लगेच आकार वाढवायला घेते.

काका फॉर्म १६ च्या मागच्या बाजूला बॉलपेननं आकडा लिहितात, त्याखाली नियमसंचाचं नाव, त्याखाली आजची तारीख. मग बँकेचं ॲप बंद करतात.

असे आणखी किती फोन जुनी फाइल वापरत होते, हे आम्हाला कधीच कळणार नाही. ती नोंद आम्ही ठेवलीच नव्हती. आज रात्री ॲपच्या पहिल्या पानावर सूचना लागतेय. तोवर एवढी विनंती: कोणत्याही ॲपनं सांगितलेला कर भरण्याआधी तळाशी जाऊन नियमसंच आणि तारीख वाचा. ती ओळ तिथं नसेल, तर ॲप बनवणाऱ्यांना कळवा आणि आपल्या सीएंना विचारल्याशिवाय पैसे भरू नका.