रक्तदाब, स्वभाव आणि बुद्धीचा ऱ्हास

उच्च रक्तदाबाचे दुष्परिणाम सांगताना हृदयविकार, पक्षाघात आणि मूत्रपिंडाचे विकार यांचा उल्लेख हमखास होतो. मेंदूवर होणारा संथ परिणाम मात्र बहुधा नजरेतून सुटतो, कारण तो आजाराच्या रूपाने समोर येत नाही. घरच्यांना तो स्वभावातील बदल वाटतो. आयुष्यभर घरचा हिशेब चोख ठेवणारी व्यक्ती साठीनंतर विजेचे बिल भरायचे राहून जाऊ देते, चार कामांचा क्रम लावताना गोंधळते, लहानसहान कारणांवरून चिडते आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत तिला रस उरत नाही. 'वय झाले' असे म्हणून कुटुंब ते सोडून देते. यामागे मधल्या वयात दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब असू शकतो, आणि तसे असेल तर या ऱ्हासाचा काही भाग टाळता येण्याजोगा असतो.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' अभ्यासात हेच प्रमाण ३५.५ टक्के आढळले. दोन्ही आकडे वेगवेगळ्या संदर्भांत उद्धृत होतात, म्हणून दुसऱ्या अभ्यासात २० वर्षांवरील व्यक्तीच घेतल्या होत्या हे लक्षात ठेवावे. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाने साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे अनुमानिले. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आहे. स्मृतिभ्रंश हा शहरी सुखवस्तूंचा आजार होय, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

मेंदूत नेमके काय घडते

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. त्याच्या खोल भागांना रक्त पुरवणाऱ्या अत्यंत बारीक धमन्या मोठ्या धमन्यांतून जवळजवळ काटकोनात फुटतात. त्यामुळे मोठ्या धमनीतील दाब फारसा कमी न होता थेट या नाजूक वाहिन्यांवर येतो. वर्षानुवर्षे हा मारा सोसताना त्यांच्या भिंती जाड व ताठर होतात आणि आतला मार्ग अरुंद होतो. काही वाहिन्या बंद पडून मटारएवढे किंवा त्याहून लहान मृत भाग तयार होतात. हातपाय लुळे न पडल्याने रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सर्वांत अधिक हानी होते ती मेंदूच्या श्वेतद्रव्याची. श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूच्या निरनिराळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंचे जाळे. कपाळामागील अग्रखंड नियोजन, संयम, पुढाकार आणि निर्णय यांचे काम पाहतो, व त्याचा खोल केंद्रांशी असलेला संपर्क याच तंतूंमधून चालतो. हे तंतू झिजले की विचारांची गती मंदावते, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळणे जड जाते, पुढाकार आटतो. अल्झायमरच्या विकारात बहुधा आधी नव्या गोष्टींची आठवण जाते. येथे मात्र स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असताना उदासीनता आणि चिडचिड पुढे येऊ शकते. बदल स्वभावात झाला असे कुटुंबाला वाटते ते यामुळेच. प्रत्यक्षात हे दोन्ही विकार एकाच मेंदूत वारंवार एकत्र आढळतात आणि एकमेकांचा परिणाम तीव्र करतात.

स्वभाव : कारण की परिणाम?

स्वभावामुळे रक्तदाब वाढतो, ही कल्पना जुनी आहे. १९५९ मध्ये फ्रीडमन व रोझेनमन या अमेरिकन हृदयतज्ज्ञांनी सतत घाईत असणाऱ्या, स्पर्धाळू व आक्रमक वृत्तीच्या माणसांचा 'अ' प्रकार मांडला. पुढे या ठोकळेबाज वर्गीकरणाला फारसा आधार मिळाला नाही. तथापि त्यातील काही घटक टिकून राहिले. अमेरिकेत १८ ते ३० वयाच्या ३,३०८ तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अधीरता व वैरभाव अधिक असलेल्यांना पुढे उच्च रक्तदाब जडण्याचा धोका जास्त आढळला. नैराश्य व चिंता यांचा मात्र त्याच अभ्यासात तसा संबंध दिसला नाही.

आज मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे पाच व्यापक पैलू मानले जातात : भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, अनुभवांविषयीचा खुलेपणा, सौजन्य आणि कर्तव्यदक्षता. यांपैकी कर्तव्यदक्षता, म्हणजे नियमितपणा, आत्मसंयम आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याची वृत्ती, बुद्धीच्या ऱ्हासापासून संरक्षण देते, असे अनेक अभ्यासांत दिसते. भावनिक अस्थिरतेचा कल उलट दिशेला आहे. अमेरिकेतील ९९७ कॅथलिक जोगिणी, धर्मगुरू व धर्मबंधू यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्तव्यदक्षता अधिक असलेल्यांमध्ये अल्झायमरचा धोका लक्षणीय कमी आढळला.

येथे सावधगिरी हवी. स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या कितीतरी वर्षे आधी मेंदूतील विकार सुरू झालेला असतो. तेव्हा ज्याला आपण 'मूळ स्वभाव' म्हणून मोजतो तो त्या विकाराचाच पहिला स्पर्श असू शकतो. रक्तदाबाबाबतही हाच पेच आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील वृद्धांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ७९ ते ८५ या वयात स्मृतिभ्रंश झालेल्यांचा रक्तदाब सत्तरीत इतरांपेक्षा जास्त होता. पण आजार प्रकट होण्यापूर्वीच्या वर्षांत तो उतरत गेला. केवळ आजारी वृद्धांचाच दाब मोजणाऱ्याला रक्तदाब व स्मृतिभ्रंश यांचा काही संबंध नाही, असेच वाटले असते. म्हणूनच मधल्या वयातील मोजणीला अधिक महत्त्व आहे.

उच्च रक्तदाब असलेल्या माणसाच्या बाबतीत कर्तव्यदक्षतेला एक अगदी व्यावहारिक अर्थही आहे. या आजारात काही दुखत नाही. न दुखणाऱ्या आजारासाठी रोज गोळी घेणे, मीठ आवरणे, महिन्यामहिन्याला दाब मोजून घेणे ही शिस्तीची कसोटी असते. जो तीत उणा पडतो त्याचा दाब वाढलेला राहतो. दाबामुळे मेंदूचा नियोजनाचा भाग दुबळा होतो. आणि नियोजन दुबळे झाले की गोळी घ्यायचे आणखी राहून जाते.

उपचाराने काय साधते

परिणामकारक औषधांच्या इतिहासात मुंबईचे स्थान मानाचे आहे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या रक्तदाबावरील उपयोगाचा चिकित्सक अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. तिच्यातील रिसर्पिन या द्रव्याने दाब उतरे. परंतु काही रुग्णांत खिन्नता आल्याच्या नोंदीही १९५० च्या दशकात होऊ लागल्या. आजच्या प्रचलित औषधांबाबत तशी भीती नाही. औषध कोणत्या गटातील आहे यापेक्षा दाब प्रत्यक्षात आटोक्यात राहतो की नाही, हे मेंदूच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे दिसते.

याचा सबळ पुरावा अमेरिकेतील 'स्प्रिंट' चाचणीतून मिळाला. तीत ९,३६१ व्यक्तींपैकी एका गटात वरचा दाब १२० च्या खाली आणि दुसऱ्यात १४० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात सौम्य बोधनिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी राहिले. पूर्ण स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही, कारण हृदयविषयक लाभ आधीच स्पष्ट झाल्याने उपचाराचा टप्पा मुदतीपूर्वी थांबवला गेला होता.

भारताच्या दृष्टीने त्याहून बोलका प्रयोग चीनच्या ग्रामीण भागातला आहे. तेथील ३२६ गावांत सुमारे ३४,००० व्यक्तींवर चार वर्षे चाललेल्या या चाचणीत निम्म्या गावांतील उपचार प्रशिक्षित ग्रामवैद्यकांवर सोपवण्यात आले. ठरावीक उपचारक्रम, मोफत किंवा सवलतीतील औषधे, घरी दाब मोजण्याचे यंत्र आणि वरिष्ठ डॉक्टरांची देखरेख एवढीच साधने त्यांच्या हाती होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गावांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतर गावांच्या तुलनेत १५ टक्क्यांनी कमी आढळले. रुग्णांचे स्वभाव दोन्हीकडे सारखेच असणार. जी शिस्त एकेका माणसाकडून अपेक्षिली जाते तिचा भार येथे व्यवस्थेने उचलला.

भारतात नोव्हेंबर २०१७ मध्ये पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झालेला भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम याच वाटेने गेला. त्याने सुटसुटीत उपचारक्रम, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिका व आरोग्य कर्मचारी यांचा सहभाग आणि प्रत्येक रुग्णाची नोंद यांवर भर दिला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली. त्याचे यश मोजले जाते ते किती रुग्णांचा दाब आटोक्यात आला यावर; बुद्धीवरील परिणामांची मोजणी हा त्याचा हेतू नव्हता.

अशी मोजणी आपल्याकडे सोपीही नाही. स्मृतीच्या प्रचलित चाचण्यांत तारीख सांगणे, वाक्य लिहिणे असे प्रश्न असतात आणि निरक्षर माणूस त्यांत बुद्धी शाबूत असूनही अनुत्तीर्ण होतो. हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासासाठी १९९० च्या दशकात हिंदीत स्वतंत्र चाचणी बेतावी लागली ती याच कारणाने. दरम्यान, आशा कार्यकर्त्या तिशीपुढील व्यक्तींसाठी जी तपासणी-सूची भरतात तीत वृद्धांना घरच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो का, असे विचारले जाते. रक्तदाबामुळे होणाऱ्या ऱ्हासात हा टप्पा बराच उशिरा येतो. कामांत रस वाटेनासा झाला आहे का, हा प्रश्नही त्याच सूचीत आहे, पण तो नैराश्य ओळखण्यासाठी. उत्तर होकारार्थी आले आणि रक्तदाबही वाढलेला असला, तर ती दोन उत्तरे एकत्र वाचली जाणे आवश्यक आहे.