पहिल्यांदाच गडावर मुक्काम? आधी पाण्याचा हिशेब करा!

परीक्षा संपल्या की कोल्हापुरातील तरुण मंडळींना गडकोटांचे वेध लागतात. पन्हाळा-जोतिबा पाहून झालेला असतो. मग कोणी भुदरगडाचे नाव काढतो, कोणी रांगण्याचे. तंबू घ्यायचा, वर मुक्काम करायचा, चुलीवर पिठलं-भात शिजवायचा, असे बेत ठरतात. बेत चांगलाच आहे. मुलांनी घराबाहेर पडावे, डोंगर चढावेत, या मताचा मी आहे. मात्र एप्रिल-मे महिन्यातील सह्याद्री हा पावसाळ्यातील सह्याद्री नव्हे. झरे आटलेले, गवत वाळलेले आणि कातळ दुपारी तव्यासारखा तापलेला असतो. म्हणून पहिल्या मुक्कामापूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

ऊन धडधाकटांनाही सोडत नाही

"आमचा मुलगा रोज तालमीत जातो, त्याला काय होणार?" असे पालक विचारतात. पण संध्याकाळच्या गारव्यात जोर-बैठका काढणे वेगळे आणि भर उन्हात पाठीवर ओझे घेऊन चढणे वेगळे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या कार्यक्रमात उन्हात नुसते बसून राहिलेल्यांपैकी डझनभराहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. चढताना तर स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम.

शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर व जास्त येऊ लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून मोहिमेपूर्वी दोन आठवडे रोज तासभर सकाळच्या उन्हात चाला. चालण्याचा वेग आणि पाठीवरचे ओझे बेताबेताने वाढवा. आदल्या दोन-तीन दिवसांत ताप किंवा जुलाब झाले असतील, तर जाऊ नये. आदल्या रात्रीचे जागरण आणि मद्यपान तर नकोच. मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

पाणी किती?

उन्हात चढताना माणशी ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. एका मुक्कामासाठी माणशी किमान चार ते पाच लिटर धरा. स्वयंपाकाचे वेगळे. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो ओझे! म्हणून बाकीचे सामान कमी करा, पाणी नको. रांगण्यावर तलाव आहे, पण नकाशावर पाणी दिसते म्हणून ते पिण्याजोगे असेलच असे नाही. निघण्यापूर्वी पायथ्याच्या वाडीतील माणसांना विचारा. वरचे पाणी फडक्याने गाळून, चांगली उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळून मगच प्यावे.

नुसते पाणी ढोसणेही बरे नव्हे. घामावाटे मीठ जाते. बरोबर ओआरएसची पाकिटे ठेवा. एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी-जास्त नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरेसे आहे. ती गडद झाली किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर चालणे थांबवून सावली गाठा.

उष्माघात ओळखा

चढण पहाटे सुरू करा आणि अकरापर्यंत सावलीत पोहोचा. चार वाजेपर्यंत तेथून हलू नका. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, गरगरणे ही पहिली सूचना. त्या वेळी विश्रांती आणि ओआरएसने माणूस सावरतो. पण तो असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर तो उष्माघात समजावा. "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही" हा समज चुकीचा आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम येत असतोच.

काही वर्षांपूर्वी अशाच मोहिमेतील एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला होता. वाडीतील बायकांनी हंडेच्या हंडे त्याच्या अंगावर ओतले आणि मित्र टॉवेलने वारा घालत राहिले. गाडी येईपर्यंत तो शुद्धीवर आला होता. त्याला खरे उपचार वाडीतच मिळाले. लक्षात ठेवा : आधी थंड करा, मग हलवा, आणि वाटेतही थंड करणे थांबवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

विंचू, साप आणि माश्या

चुलीसाठी दगड उचलताना आधी काठीने हलवून पाहा. फुरसे आणि विंचू तेथेच दडलेले असतात. बूट झटकून घाला, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका आणि उघड्यावर जमिनीवर झोपू नका. मण्यार झोपेत चावते आणि बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे हीच खूण असते. साप चावल्यास आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. लाल विंचवाचा दंश पूर्वी कोकणात अनेकांचा जीव घेई. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर हे मृत्यू खूप कमी झाले. मात्र ते औषध वेळेवर मिळायला हवे.

रांगण्याच्या वाटेवरचे पाटगाव आज मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. जेथे मध, तेथे माश्या! आग्यामोहोळाजवळ धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळा. दंशानंतर धाप लागली किंवा चेहरा सुजला तर वेळ दवडू नका.

निघण्यापूर्वी

वनखात्याची परवानगी लागते का ते विचारा. वाट, सोबत्यांची नावे आणि परतीची वेळ कागदावर लिहून घरी द्या, कारण वर मोबाईल चालेलच असे नाही. जवळचे सरकारी रुग्णालय कोठे आहे याची माहिती ठेवा. रांगण्याला जाणाऱ्यांना ते गारगोटीला आहे. १०८ क्रमांक प्रत्येकाला पाठ हवा.

आणि एक नियम निघण्यापूर्वीच सर्वांनी मान्य करा. निम्मे पाणी संपले आणि पुढच्या पाण्याची खात्री नसेल, किंवा एकाचीही तब्येत बिघडली, तर सगळ्यांनी परतायचे. त्यात कमीपणा नाही. गड पुढच्या हिवाळ्यातही तेथेच असतील.