औषधाचे नाव वाचा, पावती जपून ठेवा!

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण फवारणीच्या डब्यालाही 'औषध' म्हणतो आणि तापाच्या गोळीलाही 'औषध'च म्हणतो. तणनाशक मारलेला पंप न धुता द्राक्षबागेवर चालवला तर बागेचे काय होते, हे आपणास सांगायला नको. माणसाच्या औषधातही अशी गफलत होते.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दाखल करावे लागले. दैव बलवत्तर म्हणून सारी वाचली. तिथे एक बाटली वाचून पाहिली असती, तर पुढचे सगळे टळले असते.

चुका होतात कशा? बाटल्या सारख्या, नावे जवळजवळची, चिठ्ठीवरचे अक्षर न लागणारे. घरचा चमचा कधी लहान, कधी मोठा. म्हणून पातळ औषध सोबतच्या मापानेच द्या. दोन डॉक्टरांच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच पॅरासिटामॉल असू शकते. तेव्हा आधीची चिठ्ठी दाखवा, एखादे औषध सोसत नसेल तर आधीच सांगा. वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्या. विचारण्यात कसली आली लाज? आणि फवारणीचे औषध गोळ्यांच्या फळीवर कधीही ठेवू नका.

एवढे करूनही चूक झालीच, तर कायदा आहे. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालात पैसे घेऊन होणारे उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. सर्वांनाच फुकट उपचार देणारा दवाखाना त्यात येत नाही. तिथे वरिष्ठांकडे तक्रार किंवा दिवाणी दावा हा मार्ग आहे. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता उपचार सोलापुरात झाले असले, तरी अणदूरच्या माणसाला धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. मात्र आजार बरा झाला नाही म्हणजे डॉक्टर चुकलाच, असे नव्हे. हलगर्जीपणा दाखवावा लागतो आणि त्याला कागद लागतो.

म्हणून चिठ्ठी, पक्की पावती आणि उरलेली गोळी पाकिटासह ठेवा. दवाखान्याकडे कागदपत्रे लेखी मागा. मागणीपासून ७२ तासांत ती देण्याचा नियम आहे.

सरपंच व ग्रामसेवकांनी ही माहिती येत्या ग्रामसभेत जरूर वाचून दाखवावी. सातबारा जपता, तशी औषधाची पावतीही जपा!