बोटीतला ओटा

घरातल्या ओट्याकडे आपलं फारसं लक्ष नसतं. त्याच्यावर भाजी चिरावी, कुकर ठेवावा, पाणी सांडलं तर पुसून घ्यावं. पण हाच ओटा शिडाच्या बोटीत असला की गोष्ट वेगळी होते. तिथे जमीनच जागेवर नसते.

माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, व्यापारी जहाजांवर भंडारी होते. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत हा शब्द मनीऑर्डरीबरोबर आला. निवृत्तीनंतर भाईजाननी फायबरची एक जुनी, तीस फुटी शिडाची बोट घेतली. तिचा ओटा त्यांनी बदलला तेव्हा मी मदतीला होतो.

पहिलं काम तपासणीचं. वरचा सनमायका दिसायला ठाक होता. भाईजान स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. आवाज खणखणीत आला तिथे खालचं प्लायवूड शाबूत; बद्द आला तिथे कुजलेलं. सिंकच्या भोवती सगळीकडे बद्द! सनमायका पाणी अडवतो, पण सिंकसाठी कापलेली कड उघडी राहते. प्लायवूड पाणी पितं ते त्या कडेतून.

नवा ओटा ग्रॅनाइटचा का नाही, असं मी विचारलं. हिशेब पाहा. वीस मिलिमीटर जाडीचं ग्रॅनाइट एका चौरस मीटरला पन्नास किलोच्या वर भरतं. बारा मिलिमीटरचं प्लायवूड आठ-नऊ किलो. बोटीत वजन जितकं खाली तितकी ती सावरते, वर चढवलं की जास्त कलते. म्हणून मरीन प्लायवूड घेतलं. त्यावर भारतीय मानकाचा ७१० हा क्रमांक पाहून घ्यावा.

मापाला गुण्या चालत नाही, कारण बोटीच्या बाजूच बाकदार. पुठ्ठ्याचे तुकडे जोडून आधी साचा करायचा. तो साचा बोटीच्या अरुंद दारातून आत जातो का, हेही आधीच पाहायचं. मग प्लायवूड कापून सहाही बाजूंना इपॉक्सीचे हात द्यायचे, कडांना जास्त. स्क्रूचं भोक मुद्दाम मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि सुकल्यावर त्यातच बारीक भोक घ्यायचं. म्हणजे स्क्रूवाटे पाणी लाकडात शिरत नाही.

सगळ्यात महत्त्वाची ओट्याची उभी पट्टी. भाईजाननी सागवानाची, दीड इंच उंच लावली. कोपऱ्यात थोडी फट ठेवली, म्हणजे फडक्याने खरकटं बाहेर काढता येतं. भाईजानच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे. एका जहाजावर ही पट्टी तुटलेली होती. तीनदा सांगूनही कुणी ती बसवली नाही. एका लाटेसरशी उकळत्या डाळीचं पातेलं घसरलं आणि हातावर आलं. स्वयंपाक्याची तक्रार वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, एवढंच ते म्हणतात.

शेगडी ओट्यात घट्ट बसवत नाहीत. ती दोन खुंट्यांवर झुलती ठेवतात. बोट कलली तरी पातेलं सपाट राहतं. झुलायला मागेपुढे जागा सोडावी लागते. आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो बोटीच्या तळाशी साचतो, एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर वेगळ्या बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाचं भोक थेट बोटीबाहेर उघडतं.

कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांच्या शिडांबद्दल आपण वाचतो. पण एवढे महिने माणसाला दोन वेळा गरम जेवण लागतं, आणि ते शिजतं अशाच एखाद्या ओट्यावर.

आपल्या घरातही सिंकखाली प्लायवूडचं कपाट असेल तर आज एकदा ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर सुताराला बोलवा, आणि नव्या फळीच्या कापलेल्या कडा आधी बंद करून घ्या.