इंद्रायणीचा भात आणि नोरीची पट्टी
लेखमाला : ताटातली समुद्री शेवाळे (भाग ३)

ओनिगिरी म्हणजे हाताने दाबून वळलेला भाताचा त्रिकोणी मुटका. त्याच्या पोटात आंबट-खारट काहीतरी भरलेले असते आणि बाहेरून नोरीची, म्हणजे वाळवून कागदासारख्या केलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी गुंडाळलेली असते. जपानमध्ये शाळेच्या डब्यात आणि रेल्वेच्या प्रवासात हा पदार्थ सर्रास दिसतो. सुशीपेक्षा तो कितीतरी सोपा आहे, कारण त्याला कच्चा मासा, व्हिनेगर किंवा बांबूची चटई यांपैकी काहीच लागत नाही. अकोल्यासारख्या डोंगराळ तालुक्यातल्या घरात तो करायचा, तर बाहेरून आणावी लागते ती फक्त नोरी. भात मात्र इथल्याच खाचरात पिकलेला घ्यावा आणि तोच या पदार्थाला जास्त शोभतो.

ओनिगिरी साधते ती भाताच्या चिकटपणावर. तांदळाच्या स्टार्चमध्ये ॲमायलोज आणि ॲमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. ॲमायलोज जास्त असेल तर शिते मोकळी राहतात. कमी असेल तर ती एकमेकांना धरून बसतात. बासमतीची ओनिगिरी म्हणूनच हातात घेताच विस्कटते आणि तिच्या वाटेला न गेलेलेच बरे. इंद्रायणी मात्र या कामाला अगदी योग्य आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हे वाण तयार झाले आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. आज राजूर-भंडारदरा पट्ट्यातही ते लावले जाते. मऊ, वासाचा आणि चिकट ही त्याची ओळख. नव्या तांदळाचा भात आणखी चिकट होतो, म्हणून एरवी जुन्या तांदळासाठी अडून बसणाऱ्या घराने इथे बेलाशक नवा तांदूळ घ्यावा. घरात काळभात असेल, तर आधी वाटीभर शिजवून त्याचा मुटका धरतो का ते पाहावे.

नोरी पाइरोपिया या लाल शेवाळापासून बनते. समुद्रात जाळ्यांवर वाढवलेले शेवाळ धुऊन, बारीक चिरून, चौकटीत पातळ पसरून वाळवतात. एक पान साधारण २१ बाय १९ सेंटीमीटरचे आणि जेमतेम तीन ग्रॅम वजनाचे असते. ही शेती आज इतकी सुरळीत चालते त्यामागे एका इंग्रज शास्त्रज्ञ बाईंचा शोध आहे. दरवर्षी उन्हाळ्यात नोरी नाहीशी होई आणि थंडीत पुन्हा कुठून उगवते ते जपानी कोळ्यांना कळत नसे. पीक आले तर आले, नाही तर वर्ष वाया. मँचेस्टर विद्यापीठातल्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की शिंपल्यांच्या कवचात राहणारा, तोवर वेगळाच जीव समजला जाणारा गुलाबी धागा ही याच शेवाळाची एक अवस्था आहे. बी शिंपल्यात असते हे कळल्यावर शिंपले टाकीत ठेवून बी तयार करणे शक्य झाले आणि नोरीची शेती नशिबाच्या तावडीतून सुटली. ड्रू-बेकर जपानला कधी गेल्या नाहीत. तरीही कुमामोतो प्रांतातल्या उतो शहरात १९६३ मध्ये त्यांचे स्मारक उभारले गेले. याच कुळातली एक जात आपल्या कोकण-गोव्याच्या खडकांवर ऐन पावसाळ्यात उगवते, पण तिची नोरीसारखी शेती इथे रुळलेली नाही. बाजारात मिळते ती आयात केलेली.

चार ओनिगिरींसाठी दीड वाटी इंद्रायणी तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवावा. नव्या तांदळाला तांदळाच्या पावणेदोनपट पाणी पुरते, जुन्याला दुप्पट लागते. मंद आचेवर झाकून शिजवावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये. या वाफेतच शिते एकसारखी होतात. तेल-तूप अजिबात घालू नये. त्याने भात सुटा होतो.

भात हाताला सोसवेल इतका गरम असतानाच वळावा. गार झाला की तो जुळत नाही. तळवे पाण्याने ओले करून त्यावर चिमूटभर मीठ चोळावे, मुटक्याएवढा भात घ्यावा, मधे बोटाने खळगा करून सारण भरावे आणि भाताने झाकावे. मग एक तळहात सपाट आणि दुसरा कोनासारखा दुमडून, फिरवत फिरवत तीन-चार वेळा दाबावे. दाब बेताचाच हवा. घट्ट आवळलेला मुटका खाताना गिचका लागतो. सारणाला जपानमध्ये उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ, घालतात. लिंबाचे मुरलेले लोणचे तिची जागा उत्तम घेते. खुरासणीची चटणी भरली तर चव पूर्ण अकोल्याची होते, आणि नोरीच्या खारट वासाशी ती छान जमते.

पावसाळ्यातल्या दमट हवेत नोरी पुडा फोडल्यावर लगेच वातड होते. मंद आचेवरच्या कोरड्या तव्यावर पान काही सेकंद शेकले की ते पुन्हा कुरकुरीत होते. शेकताना काळसर पान हिरवट दिसू लागते, कारण उष्णतेने लाल रंगद्रव्य मोडते आणि हरितद्रव्य उरते. पानाच्या तीन उभ्या पट्ट्या कापाव्यात, चकचकीत बाजू बाहेर ठेवावी आणि पट्टी खायच्या वेळीच लावावी.

शाकाहारी घरांनी पुड्यावरचा मजकूर वाचून घ्यावा. साधी भाजलेली नोरी म्हणजे निव्वळ शेवाळ, पण ते कोळंबी-खेकड्यांच्या पाण्यात वाढते, आणि मसाला लावलेल्या प्रकारांत माशाचा अर्कही असू शकतो. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी शेवाळ नेहमीच्या जेवणात आणण्याआधी डॉक्टरांना विचारावे. शेवाळांत आयोडीन असते, आणि कोंबू जातीत तर ते नोरीच्या कितीतरी पट असते. हिजिकी नावाचे काळे शेवाळ मात्र घेऊच नये, त्यात घातक स्वरूपाचे आर्सेनिक आढळते.

केलेली ओनिगिरी त्याच दिवशी संपवावी. शिजलेला भात उबेत फार वेळ राहिला तर त्यात जंतू वाढतात, आणि फ्रिजमध्ये ठेवला तर स्टार्च पुन्हा घट्ट होऊन भात कडक होतो.