वेस्लीचा तिसरा नियम

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांची सारी वर्षे पैसा कसा मिळवावा आणि कसा राखावा हे शिकण्यात जातात. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, घसारा, राखीव निधी यांवर हमखास प्रश्न येतात. भागधारकाला लाभांश किती द्यावा हेही विचारतात. पण हाती आलेल्या लाभांशाचे त्या माणसाने पुढे काय करावे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. हा प्रश्न धर्माने विचारला आहे. ख्रिस्ती परंपरेत त्याचे रोखठोक उत्तर देणाऱ्यांपैकी एक म्हणजे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली (1703-1791). या पंथाचे चर्च आपल्या बेळगावातही आहे.

पैशाविषयी बायबलात दोन सूर ऐकू येतात. एका श्रीमंत तरुणाला येशू सांगतो, जवळचे सगळे विकून गरिबांना वाट. तो तरुण खिन्न होऊन निघून जातो. उलट मत्तयाच्या शुभवर्तमानातील 25व्या अध्यायात टॅलंटांचा दृष्टांत आहे. एक धनी परगावी जाताना तीन सेवकांकडे पाच, दोन आणि एक टॅलंट सोपवतो. टॅलंट हे त्या काळचे मोठे चलनी वजन. एका टॅलंटात मजुराची सुमारे वीस वर्षांची मजुरी भरे. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात, तिसरा भीतीपोटी ती जमिनीत पुरतो. परत आलेला धनी या तिसऱ्यावर रागावतो. निदान पेढीवर ठेवली असती तर व्याज तरी मिळाले असते, असे तो म्हणतो.

मग पैसा सोडायचा की वाढवायचा? वेस्लीच्या मते प्रश्नच चुकीचा मांडला आहे. दृष्टांतातील पैसा सेवकांचा नव्हता, धन्याचा होता. माणूस धनाचा मालक नसून कारभारी आहे, हे एकदा मान्य केले की दोन्ही सूर जुळतात. कारभाऱ्याने रक्कम पुरून ठेवायची नाही आणि स्वतःच्या चैनीवर उधळायचीही नाही.

1760 साली प्रसिद्ध झालेल्या पैशाच्या उपयोगावरील प्रवचनात त्याने तीन नियम सांगितले : शक्य तितके मिळवा, शक्य तितके वाचवा, शक्य तितके द्या.

पहिल्या नियमाला त्याने कुंपण घातले. स्वतःचे आरोग्य, स्वतःचे मन किंवा शेजाऱ्याचे हित यांना धक्का लावून मिळवलेला पैसा त्याला मान्य नव्हता. शेजाऱ्याचा धंदा बुडावा म्हणून बाजारभावाखाली माल विकणे, त्याचे नोकर फोडणे, दारू विकणे, फी वाढावी म्हणून रोग्याचे दुखणे लांबवणे, हे सारे त्याने निषिद्ध ठरवले. दुसऱ्या नियमातील वाचवणे म्हणजे साठवणे नव्हे. जिभेच्या, डोळ्यांच्या आणि प्रतिष्ठेच्या हौसेवर खर्च न करणे. नुसते साठवून ठेवलेले धन, मग ते पेटीत असो वा बँक ऑफ इंग्लंडमध्ये, त्याच्या लेखी फेकून दिल्यासारखेच होते. तिसऱ्या नियमातही क्रम आहे : आधी स्वतःच्या आणि कुटुंबाच्या गरजा, मग धर्मबंधू, मग सर्व माणसे.

येथे कोणी विचारील, सगळेच देऊन टाकले तर भांडवल कोठून यायचे? वेस्लीला ही अडचण ठाऊक होती. धंदा चालू ठेवण्यास लागणारी रक्कम आणि देणी फेडण्याची रक्कम त्याने वगळली होती. त्याचा रोख गरजा भागल्यावर उरणाऱ्या शिलकेवर होता. देण्याचीही त्याची रीत नुसत्या भिक्षेची नव्हती. 1746 साली त्याने लंडनमध्ये गरिबांसाठी कर्जाऊ निधी उभारला. सुरुवातीची वर्गणी अवघी 30 पौंड 16 शिलिंग. एका वेळी 20 शिलिंगपर्यंत कर्ज मिळे आणि ते दर आठवड्याला हप्त्याने तीन महिन्यांत फेडायचे असे. एका पौंडाचे 20 शिलिंग, म्हणजे पूर्ण रकमेची कर्जे दिली तर एका वेळी तीसच माणसांना पुरेल एवढा पैसा. तरी अठरा महिन्यांत 255 जणांना मदत मिळाल्याची नोंद त्याने केली आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर भांडवल फिरते राहिले. जेम्स लॅकिंग्टन या चांभारकाम करणाऱ्या तरुणाने पुढे अशाच निधीतून 5 पौंड घेऊन पुस्तकांचा धंदा वाढवला आणि तो लंडनमधील मोठ्या पुस्तकविक्रेत्यांपैकी एक झाला.

वेस्लीचा स्वतःचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ऑक्सफर्डमधील एका तरुणाची हकीगत तो सांगतो. हा तरुण तो स्वतःच, असे सामान्यतः मानले जाते. पहिल्या वर्षी प्राप्ती 30 पौंड, खर्च 28, दान 2. पुढील वर्षांत प्राप्ती 60, 90 आणि 120 पौंड झाली. खर्च मात्र 28 वरच राहिला आणि दान 32, 62 व 92 पौंडांवर गेले. प्राप्ती चौपट झाली, पण राहणी तसूभरही बदलली नाही. 1776 साली सरकारी अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे चांदीच्या भांड्यांची माहिती मागितली. त्याने कळवले की लंडनमध्ये दोन आणि ब्रिस्टलमध्ये दोन चांदीचे चमचे आहेत, आणि भोवतालचे लोक भाकरीला महाग असताना आणखी घेण्याचा विचार नाही.

तथापि याच माणसाला उतारवयात आपल्या शिकवणीचे अपयश दिसले. मेथडिस्ट कष्टाळू आणि काटकसरी झाले. कष्ट आणि काटकसर यांतून संपत्ती आली आणि संपत्तीबरोबर धर्म पातळ होऊ लागला. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने भांडवलशाहीवरील आपल्या ग्रंथात वेस्लीच्या या चिंतेचा मुद्दाम दाखला दिला आहे. 1789 च्या एका प्रवचनात वेस्लीने विचारले की पन्नास हजार मेथडिस्टांत तिसरा नियम पाळणारे पाचशे तरी सापडतील काय? म्हणजे शेकडा एक! पहिले दोन नियम पाळून तिसरा सोडणारा माणूस, त्याच्या मते, पूर्वीपेक्षा अधिक वाईट होतो.

ही तक्रार केवळ ख्रिस्ती माणसासाठी नाही. मिळवणे व वाचवणे हे दोन नियम आपल्यालाही घरी आणि वर्गात शिकवले जातात. तिसरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेला असतो. मर्जीवर सोडलेली गोष्ट आपण पुढे ढकलतो. नोकरी लागली की देऊ, घर झाले की देऊ, मुले मार्गी लागली की देऊ. वेस्लीने 30 पौंड मिळत असतानाच 2 पौंड दिले होते, म्हणून 120 पौंड मिळाल्यावर 92 देणे त्याला जमले.

हा लेख लिहिताना मी माझी खर्चाची वही उघडली. बसचा पास, चहा, झेरॉक्स, वह्या, सारे व्यवस्थित मांडलेले आहे. दानाचा रकाना मात्र मी आखलेलाच नव्हता. आता आखला आहे. त्यातील पहिला आकडा लहान असेल, पण रकाना रिकामा राहणार नाही.