गच्चीवरील फळझाडे

निंबर्ग्यापासून आळंदपर्यंत आणि तिकडे बीदरच्या पठारापर्यंत आमच्या पेठांतील घरांची ठेवण बहुधा सारखीच असते. खाली दुकान, मागे वखार, वर राहते घर आणि त्यावर उघडी गच्ची. अंगण थोड्यांच्याच वाट्यास येते. तेव्हा घरच्या डाळिंबाची किंवा लिंबाची हौस पुरवावयाची, तर ती गच्चीवरच. परंतु वैशाखात जेथे दुपारी शहाबादी फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही, तेथे झाड जगेल कसे, अशी शंका कोणासही येईल.

या शंकेचे उत्तर पानांत नसून मुळांत आहे. डाळिंब, लिंबू, अंजीर, सीताफळ ही उन्हाचीच झाडे होत. मात्र जमिनीतील झाडाची मुळे वीतभर खोलीवर गारव्यात असतात. पिंपातील झाडाच्या मुळांस चारी बाजूंनी ऊन लागते. काळे पिंप किंवा पत्र्याचा डबा दुपारी इतका तापतो की कडेची कोवळी मुळे होरपळून जातात, आणि मालक पाणी कमी पडले असे समजून पाणी ओतीत बसतो. म्हणून पिंपास बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा, ते विटांवर उचलून ठेवावे आणि सर्व पिंपे एकमेकांस चिकटून मांडावीत, म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर पडते. पश्चिमेच्या बाजूस जुने बारदान गुंडाळावे. व्यापाऱ्याच्या घरी बारदानास काय तोटा!

भाराचा विचार याहून महत्त्वाचा आहे. दोनशे लिटरचे पिंप मधोमध कापले की शंभर लिटरची कुंडी होते. ती नुसत्या मातीने भरून भिजविली, तर वजन दीड क्विंटलच्या पुढे जाते. मातीच्या माळवदावर असे पिंप मुळीच ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पक्क्या गच्चीवरही ते भिंतीच्या किंवा तुळईच्या माथ्यावर यावे, फरशीच्या मध्यावर नव्हे. खाली वखारीत तुरीची पोती रचलेली असतात. गच्ची पाझरू लागली, तर चार डाळिंबांपायी हंगामाचा माल बुरशीच्या तोंडी जावयाचा. यास्तव झाडे वर नेण्यापूर्वी पावसाळ्यातील ओल कोठे दिसते ते पाहावे, सांधे भरून घ्यावेत आणि पिंपातून निथळलेले पाणी थेट पन्हळीकडे जाईल असा उतार ठेवावा.

भार कमी करण्याची युक्ती मातीतच आहे. आमची काळी माती शेतात सोने, पण कुंडीत कुचकामाची. भिजली की चिकट होते, वाळली की भेगाळते. बीदरकडील तांबडी माती त्या मानाने बरी. मुंबईत वांद्र्यास डॉ. दोशी यांनी गच्चीवरील शेतीसाठी उसाच्या चिपाडाचा भरपूर उपयोग केला, तर कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळ्यापासून सकस माती घडविण्याचा मार्ग लोकांस दाखविला. रसवंतीवरील चिपाड, वाळलेला पाला, कुजलेले शेणखत आणि चौथा हिस्सा तांबडी माती असे मिश्रण हलके असते व ओल धरते. ते दरवर्षी खाली बसते. वरून भर घालीत जावी.

झाड निवडताना डाळिंबास पहिला मान द्यावा. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली निवडलेला 'गणेश' हा मऊ दाण्याचा वाण आजही गोड लागतो. तांबड्या दाण्यांसाठी 'भगवा' घ्यावा. सोलापूर येथे डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि सोलापूर आम्हांस दूर नाही. कागदी लिंबू व अंजीर हीदेखील पिंपात रमतात. आंब्याचा हट्टच असेल, तर 'आम्रपाली' ही बुटकी जात लावावी. केळीच्या नादास मात्र या कोरड्या वाऱ्यात लागू नये.

आता पाणी. उन्हाळ्यात भरलेल्या पिंपास दररोज सुमारे एक घागर लागते. दहा पिंपे म्हणजे दहा घागरी जिन्याने वर, आणि त्याही नळ दिवसाआड येत असताना! ज्या घरी हे काम अखेर सुनेच्या किंवा आजीच्या गळ्यात पडणार, तेथे तीन पिंपांवरच थांबावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडास चालते, साबणाचे चालत नाही. पाणी पहाटे द्यावे. मातीवर पाल्याचा जाड थर असावा. ठिबकची नळी बसविल्यास श्रम व पाणी दोन्ही वाचतात. या पद्धतीचा देशभर प्रसार करणारे जळगावचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली व्यवसायास आरंभ केला तो रॉकेलच्या विक्रीने, हे आमच्या व्यापारी बंधूंस ऐकून मौज वाटेल.

डाळिंबाचा मृग बहार आम्हांस सोयीचा. फळे पावसावर पोसतात आणि हिवाळ्यात उतरतात. शेतकरी बहारापूर्वी झाडास पाण्याचा ताण देतात. पिंपात तसा पूर्ण ताण दिल्यास झाडच जाईल, पाणी केवळ निम्मे करावे. फळ धरल्यावर एक दिवस कोरडे व दुसऱ्या दिवशी तुडुंब असे केले की फळे तडकतात. सुरसा अळीसाठी विषारी फवारणी करण्यापेक्षा फळ सुपारीएवढे होताच त्यावर मलमलीची पिशवी बांधावी. आमच्या घरांतून तो उपाय मनासही पटतो, आणि पोपट व खारीही त्याने दूर राहतात. वानरांपुढे मात्र मलमलीचे काही चालत नाही. तेथे जाळीच ताणावी लागते.